बदलीच्या गावी चूल आणि दिवा

चंद्रपुरातल्या परिचारिकेच्या हाती बदलीचा आदेश पडतो. गाव अहेरी, नाहीतर आणखी आत, भामरागड. धावपळ सुरू होते ती टेम्पो ठरवण्याची आणि मुलांचा शाळेचा दाखला काढण्याची. गॅस आणि वीज ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून मागे राहतात. वीज तिकडे गेल्यावर बघता येते. गॅसचं काम मात्र निघण्याआधीच उरकावं लागतं. कारण साधं आहे. गॅसची जोडणी माणसाच्या नावाची असते, विजेची जोडणी जागेची.

आधी गॅस. सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे असतात, आपण फक्त अनामत भरलेली असते. म्हणून शेगडी टेम्पोत चढवायची, सिलिंडर नाही. त्याच शहरात घर बदललं तर वस्तू आपल्याकडेच राहतात आणि कागदावर वितरक बदलतो. दूरच्या गावी जाताना मात्र जुन्या वितरकाकडे सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. अनामत परत मिळते. ते व्हाउचर, ओळखपत्र आणि नव्या पत्त्याचा पुरावा घेऊन नव्या वितरकाकडे गेलं की अनामत भरून जोडणी सुरू होते. जुन्या वितरकाकडे सिलिंडर जमा करताना पहिल्या जोडणीच्या वेळी मिळालेलं सबस्क्रिप्शन व्हाउचर लागतं. ते कपाटात नेमकं कुठे आहे, हे आजच बघून ठेवा.

अगदी नवीन जोडणी घ्यायची असेल तर जून 2022 पासून 14.2 किलोच्या सिलिंडरची अनामत 2,200 रुपये आणि रेग्युलेटरची 250 रुपये आहे. पत्त्याचा कागदच नसेल, तर 5 किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर विकत मिळतो. खोली मिळेपर्यंत तेवढ्यावर भागतं. मजुरीसाठी गाव सोडलेल्या कुटुंबांना उज्ज्वला योजनेच्या 2021 मधल्या दुसऱ्या टप्प्यापासून रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. ही सवलत आपल्याकडच्या मजुरांना कुणीतरी सांगायला हवी. जंगलाला लागून असलेल्या गावात गॅस नसणं म्हणजे सरपणासाठी जंगलात जाणं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात ती अशाच कामांच्या वाटेवर.

जंगलपट्ट्या, आदिवासी वस्त्या, विरळ लोकसंख्येचे भाग यांच्यासाठी तेल कंपन्यांच्या नियमांत ‘दुर्गम क्षेत्रीय वितरक’ असा वेगळा प्रकारच आहे. तिथे दारात गाडी येईलच असं धरून चालू नये. गोदाम कुठे आणि किती लांब, हे घर ठरवण्याआधी विचारा. गोदामातून सिलिंडर स्वतः आणला तर पोहोचवण्याच्या खर्चाची सूट मिळते, ती मागून घ्या.

आता वीज. मीटर जागेवरच राहतो आणि त्याच्याबरोबर त्याचा इतिहासही. खोली पसंत पडली की घरमालकाकडून शेवटचं बिल मागा. त्यावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपमध्ये टाकला की थकबाकी दिसते. हे टाळू नये. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करण्याचे वीज कंपन्यांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये ग्राह्य धरले आहेत. महाराष्ट्रात वारस सोडून इतरांवर हा बोजा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत रकमेपुरता येतो. पण तो येतो, हे घर विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. घर घेतलं असेल तर खरेदीखत जोडून नावबदलाचा अर्ज लगेच करावा. भाडेकरूने राहायला आल्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवावा. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

घरात मीटरच नसेल किंवा तो कायमचा बंद, म्हणजे ‘पीडी’ झालेला असेल, तर नवा अर्ज. जागेचा पुरावा, परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल आणि अनामत लागते. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 मध्ये ‘मालक किंवा भोगवटादार’ असे शब्द आहेत, त्यामुळे भाडेकरूलाही वीज मागता येते; मात्र भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र जोडा. केंद्राच्या 2024 च्या दुरुस्त नियमांत नगरपालिका क्षेत्रात 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांची मुदत आहे, डोंगराळ ग्रामीण भागात 30. अर्जाची पोच जपून ठेवा, दिवस तिच्यावरून मोजले जातात. तक्रारीसाठी 1912, गॅस गळतीसाठी 1906.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांत वीज गेली तर लाइनमनलाही पोहोचता येत नाही, मग सिलिंडरची गाडी कुठून येणार? तिकडे बदली झाली असेल तर दुसऱ्या सिलिंडरची जोडणी घ्या, आणि मृग लागण्याआधी दोन्ही भरून ठेवा.