चेरोकीत ‘वी’ म्हणजे नेमके कोण?

चेरोकी ही अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक भाषा. टॅटूसाठी, कुत्र्याच्या नावासाठी, ‘एवढं चेरोकीत करून द्या’ म्हणणाऱ्यांचा एक समज पक्का असतो: शब्दाला शब्द ठेवला की झाले.

तसे होत नाही. इंग्रजीतले ‘वी आर गोइंग’ घ्या. चेरोकीत ते एका क्रियापदात मावते, पण आधी विचारावे लागते, ‘वी’ म्हणजे कोण? मी आणि तू? मी आणि तो? तुम्ही सगळे आणि मी? की तुला सोडून आम्ही बाकीचे? चारही ठिकाणी उपसर्ग वेगळा. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक अंगवळणी पडलेल्या मराठी माणसाला हे निम्मे कळलेलेच असते. पंचाईत होते ती इंग्रजीवाल्याची. ‘मला दे’ म्हणतानाही वस्तू कशी आहे ते क्रियापदातच सांगावे लागते. मांजर, शर्ट, काठी, पाणी, चेंडू यांच्यासाठी ‘देणे’ पाच तऱ्हांचे. पाऊस पडताना स्वतः पाहिला की पडल्याचे नुसते ऐकले, हेही क्रियापदाच्या शेवटावरून कळते. आपले ‘पडला म्हणे’ तिथे व्याकरणातच मुरलेले आहे.

चेरोकी फॉन्ट लावला की भाषांतर झाले, हा तर निव्वळ भाबडेपणा. चेरोकी लिपी घडवणाऱ्या सेक्वोया यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी १८२१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या लिपीत डीसारखे दिसणारे चिन्ह ‘अ’ आहे, आरसारखे ‘ए’, डब्ल्यूसारखे ‘ला’. आज चिन्हे ८५, आणि बहुतेक प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अख्खे अक्षर. काना-मात्रा नाहीत, ‘ला’ आणि ‘ली’ यांच्या चिन्हांत काही साम्य नाही.

ही भाषा केवळ तोंडी राहिली, हेही खरे नाही. ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथे इंग्रजी आणि चेरोकीत निघाले. २०१० मध्ये आयफोनवर चेरोकी लिहिता येऊ लागले. मात्र जन्मापासून ही भाषा बोलणारे २०१९ मध्ये दोन हजारांच्या आसपासच उरले होते, तेही बहुतांश वयस्क. म्हणून त्याच वर्षी तिन्ही चेरोकी जमातींनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली.

शब्दकोश आहे, डर्बिन फीलिंग यांचा, १९७५ चा. पण त्यात क्रियापदाची मुख्य नोंद ‘तो करतो आहे’ अशा रूपात असते. ‘मी धावते’ हवे असणारीने पहिलाच शब्द उचलून दंडावर गोंदवला, तर तिथे धावत असतो कुणी भलताच.