मागच्या बाकावरून

मोठी गाडी घ्यायची ठरली की मराठी घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, ‘विकायला काढली तर किती येतील?’ तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे : ‘शेवटच्या बाकावर कोण बसणार?’ बँकेत कर्जविभागात असताना वाहनकर्जाच्या अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे हातांखालून गेले. अर्जात इंजिनाचा नंबर असे, चेसिसचा नंबर असे, जामीनदाराचा पगार असे. गाडीत रोज बसणार कोण, याचा रकाना मात्र नव्हता. तो असता तर निदान काही घरांनी वेगळी गाडी निवडली असती, असे मला आजही वाटते.

आमच्या नाशिक रोडला मोठ्या गाडीची ओढ असण्याला कारणे आहेत. ही पगारदारांची वस्ती. १९२५ साली प्रतिभूती मुद्रणालय आले, १९२८ साली नोटप्रेस आली. पलीकडे एकलहऱ्याचे वीज केंद्र, अलीकडे देवळालीची तोफखान्याची छावणी, आणि मधोमध रेल्वे. नोकरी इथे आणि घराची मुळे निफाड, सिन्नर, इगतपुरीकडच्या खेड्यांत, असा अनेकांचा संसार. लग्नकार्य, दशक्रिया, वणीच्या गडाची यात्रा, शिर्डीची वारी, सगळे सहकुटुंब. त्यात गंमत अशी की एवढे नामांकित स्टेशन दाराशी असून पुण्याला जाणारा सरळ लोहमार्ग नाही. आगगाडीने जायचे तर कल्याणवरून किंवा मनमाडवरून वळसा. लेक पुण्यात दिलेली असली की बाळंतपणापासून बारशापर्यंतचा सारा प्रवास सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा रस्त्यानेच व्हायचा. मग सात-आठ माणसे मावतील असे वाहन ही चैन राहत नाही, गरज होते.

ती गरज मध्यमवर्गाच्या खिशाला परवडेल अशा रीतीने पहिल्यांदा भागवली ती मारुती व्हॅनने. साल १९८४. योगायोग असा की त्याच सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आणि फ्रान्समध्ये रेनोने आपापल्या कुटुंबगाड्या बाजारात आणल्या. कल्पना एकच : बाहेरून आटोपशीर, आतून ऐसपैस, आणि चढायला सोपी. तिकडच्या गाड्या आपल्या व्हॅनच्या दुपटीतिपटीच्या. आपल्याकडे ७९६ सीसीचे, मारुती ८०० चेच तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली बसवले होते. १९८८ साली तिचे नाव ‘ओम्नी’ झाले, पण लोकांच्या तोंडी ‘व्हॅन’च राहिली. शाळेची मुले तिने नेली, रुग्णवाहिका म्हणून ती धावली, आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी नायिकेला पळवायलाही तीच निवडली. सरकता दरवाजा सगळ्यांनाच सोयीचा!

व्हॅन ज्यांनी दहा-पंधरा वर्षे वापरली ते अजून तिच्याविषयी घरच्या माणसासारखे बोलतात. बिघडली तरी कुठल्याही गावचा मिस्त्री पुढची सीट उचलून तिला हात लावू शकत असे, सुटे भाग स्वस्त असत. आजीबाईंना तर ती फारच आवडे. दरवाजा सरकवला की नऊवारी सावरीत एका पावलात आत. पण तीच मंडळी पुढचेही सांगतात. इंजिन सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात पुढे बसणाऱ्याला खालून शेक. पुढे नाक नाही, म्हणजे समोरून काही आलेच तर आपल्या गुडघ्यांच्या आणि त्याच्या मध्ये फक्त पत्रा. आणि आठ माणसे, वर कॅरिअरवर गाद्यांची वळकटी, अशा अवस्थेत कसारा घाट चढायचा म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरात कण्हत जायचे. इंजिन तापले की गाडी कडेला, मंडळी खाली, आणि चहाचा थर्मास बाहेर. त्या थांब्यांच्या आठवणी आज गोड वाटतात. त्या वेळी मांडीवर मूल घेऊन मागे बसलेल्या बाईला त्या किती गोड वाटत होत्या, हे तिला कुणी विचारले नाही.

१९९४ साली टाटांची सुमो आली आणि एकत्र कुटुंबांना हायसे वाटले. घाटात दम होता, खड्ड्यात भीती नव्हती. मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी. तिथे मुले बसत, म्हणजे बसवली जात. पुढे २००० साली टोयोटाची क्वालिस आली. दिसायला साधी, वेगाला बेताची, पण न कुरकुरता लाखो किलोमीटर चालणारी अशी तिची ख्याती. टुरिस्ट व्यावसायिकांनी ती डोक्यावर घेतली. जो दिवसाकाठी तीनशे किलोमीटर गाडी चालवतो त्याची पसंती ही माझ्या लेखी कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी. त्याच्या हप्त्याचा पैसा गाडी गॅरेजात उभी राहिली की थांबतो. कर्ज वेळेवर फिटते की नाही ही तर गाडीच्या भरवशाची खरी परीक्षा, असे आम्ही बँकेतले लोक अर्ध्या थट्टेने म्हणत असू.

भरवसा मिळाला, पण सुखाचे काय? इथे थोडे यंत्रशास्त्र समजून घेऊ. जुन्या मोठ्या गाड्यांना मागे लोखंडी पाटे असत, मालमोटारीला असतात तसेच. ते भरल्या गाडीचा भार पेलतील इतके ताठ ठेवावे लागतात. गाडी अर्धी रिकामी असली की तेच पाटे प्रत्येक खड्डा थेट पाठीला कळवतात. त्यात मधला बाक दोन चाकांच्या मध्ये असतो, शेवटचा मात्र मागच्या आसावर किंवा त्याच्याही मागे. झोपाळ्याच्या मध्यावर बसणे आणि टोकाला बसणे यांत जो फरक, तोच इथे. शिवाय मागची जमीन उंच आणि बाक ठेंगणा, म्हणून गुडघे छातीशी येतात. आडव्या बाकड्यावर तर घाटाच्या प्रत्येक वळणाला शरीर कुशीवर कलंडते. ‘आईला गाडी लागते’ असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा आईला गाडी लागत नाही, तिला दिलेली जागा लागते.

२००५ साली क्वालिस बंद होऊन इनोव्हा आली आणि हा फरक सामान्य माणसाला पाठीने कळला. मागे पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा, बसके नसलेले बाक, मागच्यांनाही थंड हवा. नाशिक-पुणे प्रवासानंतर सत्तरीची माणसे कंबर न धरता उतरू लागली. पुढे २०१२ साली एर्टिगा आली, तेव्हा मोटारीसारखी चालणारी सात आसनी गाडी मध्यमवर्गाच्या हप्त्यात बसू लागली. तिच्या शेवटच्या बाकावर दोन शाळकरी मुले सुखाने बसतात. दोन व्याही बसवले तर मात्र संबंध बिघडण्याची शक्यता!

आता आपल्या घरची गोष्ट. सातपूरच्या महिंद्र कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ आली आणि तिने नाशिकचे नाव देशभर नेले. उंच, रुबाबदार. तिच्याही काही प्रकारांत मागे आडवी बाकडीच. त्याच कारखान्यातून ३ सप्टेंबर २०१८ रोजी मराझो नावाची आठ आसनी गाडी बाहेर पडली. बास्क भाषेत या शब्दाचा अर्थ शार्क मासा. पण स्वभावाने गाडी मवाळ. एसीची हवा छतातून मागच्यांपर्यंत पोचवण्याची सोय, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे. ज्यांनी घेतली त्यांतले बहुतेक मागच्या बाकांची तारीफ करताना आढळतात. तरीही ती फारशी खपली नाही, आणि आज नव्या गाड्यांच्या यादीत ती नाही. स्कॉर्पिओचे नवे अवतार मात्र रस्तोरस्ती दिसतात. याची व्यापारी कारणे अनेक असतील. मला त्यात एक घरगुती कारणही दिसते : आपण गाडी बाहेरून पाहून घेतो. दारात उभी राहिल्यावर शेजाऱ्याला ती कशी दिसेल याचा विचार आधी, आत बसणारीला ती कशी वाटेल याचा नंतर.

आणि हा प्रश्न नुसत्या कंबरदुखीपुरता नाही. २०१६ साली ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांची धडक-चाचणी घेतली. त्यात एअरबॅग नसलेली मारुती ईको शून्य ताऱ्यांवर राहिली, आणि आपली नाशिकची स्कॉर्पिओही. नवे सुरक्षा-नियम आले तेव्हा ३५ वर्षांच्या ओम्नीला २०१९ साली निरोप घ्यावा लागला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही गेले. गाडी महागडी होती. दोघे मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा लावून पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या बाकावर पट्टा बांधण्याचा नियम त्याआधीही होता. पण पट्टा म्हणजे पोलिसासाठी पुढच्याने बांधायची वस्तू, अशी आपली समजूत. सातांच्या गाडीत दहा जण कोंबले की पट्ट्यांचा प्रश्नच मिटतो. मांडीवरचे मूल तर पट्ट्याच्या हिशेबातच नसते. व्हॅनच्या काळातले ‘बसा हो, होईल जागा’ हे प्रेमळ वाक्य आजच्या चौपदरी रस्त्यावर, शंभराच्या वेगात, फार धोक्याचे झाले आहे.

जुने मालक भरवशाचे जे गुपित सांगतात ते तसे साधे आहे. ऑइल वेळेवर बदला, शीतक पाण्याची पातळी घाटाआधी बघा, भरल्या गाडीसाठी टायरमध्ये सांगितलेली हवा भरा, स्टेपनी वर्षातून एकदा तरी तपासा. गाडी एवढे केले की सहसा दगा देत नाही. सुखाचे गुपितही तितकेच साधे आहे, फक्त ते शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

म्हणून या दिवाळीला किंवा पाडव्याला जे मोठी गाडी घेणार असतील त्यांना एक विनंती. ट्रायलला एकटे जाऊ नका. घरातले सगळ्यांत थकलेले आणि सगळ्यांत लहान माणूस बरोबर न्या. सिन्नर फाट्यावरून निघा, मोहदरीचा घाट चढा आणि परत या. जाताना चाक कुणाच्याही हातात असू द्या. तुम्ही स्वतः मात्र शेवटच्या बाकावर बसा, पट्टा बांधून. तिथे पट्टा सापडला नाही, किंवा खाली उतरताना कुणाचा हात धरावा लागला, तर त्या गाडीचे अ‍ॅव्हरेज विचारण्याची गरज नाही.