एक लेखन, दोन वाचक

सुबक छापलेलें पान वाचतांना तें कोणी जुळविलें हा विचार वाचकाच्या मनांत सहसा येत नाहीं. पान बिघडलें म्हणजेच तो येतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या मनांत तो १९७७ सालीं आला. संगणकाच्या आज्ञावली कशा रचाव्या यावरील त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ति निघत होती. पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेली, नवी प्रकाशजुळणीची. तिचीं कच्चीं मुद्रितें पाहून त्यांची निराशा झाली. तेव्हां अक्षरजुळणी करणारी आज्ञावली स्वतःच लिहावयाची, असा निश्चय त्यांनीं केला. ती आज्ञावली म्हणजे 'टेख'.

पहिलें 'टेख' ज्या भाषेंत लिहिलें होतें, ती थोड्याच यंत्रांवर चालत असे. म्हणून १९८२ च्या सुमारास कनूथ यांनीं तें पास्कल या अधिक प्रचलित भाषेच्या आधारें पुन्हां लिहिलें. तें देशोदेशीं जावयाचें, अपरिचित माणसांनीं तें आपापल्या यंत्रांवर चढवावयाचें, तर त्याचें अंतरंग त्यांना कळणें अवश्य होतें. येथें एक जुनी अडचण उभी राहते. आज्ञा एका जागीं आणि त्यांचें विवरण दुसऱ्या जागीं असें झालें, कीं दोहोंत हळूहळू अंतर पडत जातें. आज्ञा बदलतात, विवरण तसेंच राहतें, आणि त्यावर विसंबणारा माणूस फसतो.

कनूथ यांचा उपाय असा, कीं लेखन एकच असावें. या पद्धतीला त्यांनीं 'वेब' हें नांव दिलें. लेखक क्रमांकित परिच्छेद लिहितो. प्रत्येकांत आधीं साध्या भाषेंत विवरण, मग लागल्यास कांहीं संक्षेप, आणि शेवटीं आज्ञा. या एकाच टिपणावर दोन आज्ञावली काम करतात. 'वीव्ह', म्हणजे विणणारी, तिच्यापासून माणसानें वाचावयाचें पुस्तक सिद्ध करते. 'टँगल', म्हणजे गुंता करणारी, तींतून यंत्रासाठीं चालती आज्ञावली काढून देते.

हें काढणें कसें होतें तें पाहण्याजोगें आहे. समजावून सांगणारा माणूस एका दमांत सर्व तपशील सांगत नाहीं. 'येथें ओळ तोडावी' एवढेंच म्हणून तो पुढें जातो, आणि ओळ कशी तोडावी तें सावकाश सांगतो. वेबच्या टिपणांतही आज्ञांच्या मध्यें असें एखादें नांव ठेवलेलें असतें. टँगल मूळ परिच्छेदापासून निघते, नांव दिसेल तेथें त्या नांवाखालील मजकूर बसविते, त्या मजकुरांत आणखी नांवें आलीं तर त्यांचाही मजकूर आणते, आणि अखेर सलग आज्ञाच उरतात.

एकाच नांवाखालीं निरनिराळ्या जागीं लिहिलेले तुकडेही ती एकत्र करते. पास्कल भाषेचा दंडक असा, कीं सर्वत्र लागणाऱ्या चलांची यादी आरंभींच द्यावी. परंतु ज्या चलाचें प्रयोजन शेंकडों परिच्छेदांनंतर कळावयाचें, त्याची ओळख वाचकाला आधींच करून देणें व्यर्थ आहे. म्हणून 'टेख'च्या टिपणांत अशा चलांची यादी १३ व्या परिच्छेदांत सुरू होते आणि पुढें जेथें जें लागेल तेथें त्याच शीर्षकाखालीं वाढत जाते. टँगल ते सर्व तुकडे क्रमानें गोळा करून यंत्राला हव्या त्या जागीं ठेवते. वाचकाचा क्रम वाचकाला मिळतो, यंत्राचा यंत्राला.

निघालेली आज्ञावली माणसाला वाचवत नाहीं. विवरण गळालेलें, अक्षरें सरसकट मोठीं, ओळी ठासून भरलेल्या. मात्र कोणता भाग कोणत्या परिच्छेदांतून आला त्याचा क्रमांक तींत राहतो, त्यामुळें चूक दिसली कीं मूळ जागा सांपडते. दुरुस्ती व्हावयाची ती टिपणांतच. काढलेल्या प्रतींत हातानें केलेली दुरुस्ती पुढच्या वेळीं पुसली जाते. स्थानिक यंत्रासाठीं फेरफार हवे असतील, तर तेही मूळ टिपणाला हात न लावतां वेगळ्या पत्रकांत लिहावयाचे: अमुक ओळींच्या जागीं तमुक ओळी. पत्रकांतील जुन्या ओळी मूळाशीं तंतोतंत जुळल्या नाहींत, तर टँगल तक्रार नोंदविते.

आतां टँगल स्वतःही याच पद्धतीनें लिहिलेली आहे. मग तिच्या टिपणांतून तिला प्रथम कोणी काढावयाचें? यासाठीं टिपणाबरोबर तिची पास्कलमधील तयार प्रतही दिली जाते. ती प्रत चालवून तिच्याच टिपणांतून नवी टँगल काढावी. दोन्ही सारख्या निघाल्या, म्हणजे काम बिनचूक झालें.

तरी आज्ञा बिनचूक निघाल्या म्हणजे विचारही बिनचूक, असें नव्हे. उत्तम विवरणाशेजारीं चुकीची आज्ञा बसूं शकते. हें जाणूनच कनूथ यांनीं एक कठीण कसोटी-लेख तयार केला. तो उतरल्याखेरीज कोणत्याही आज्ञावलीनें 'टेख' हें नांव घेऊं नये, असा नियम आहे. चूक दाखविणारास त्यांनीं बक्षीस ठेविलें, आणि आपल्या चुकांची यादी १९८९ सालीं स्वतःच प्रसिद्ध केली. ज्यानें सर्व लेखन उघडें ठेविलें, त्याला चुका झांकण्याचें कारण उरत नाहीं.

विणलेलें टिपण १९८६ सालीं ग्रंथरूपानें निघालें. त्यांत १३८० परिच्छेद आहेत. पास्कल भाषा पुढें मागें पडली, तरी टिपणें निरुपयोगी झालीं नाहींत. टँगलनें काढलेल्या आज्ञा आज सी भाषेंत उतरवून चालविल्या जातात. याच वंशांतील 'झीटेख' जोनाथन क्यू यांनीं २००४ सालीं पुढें आणलें, आणि युनिकोडमधील देवनागरी, जोडाक्षरांसह, त्याच्या साह्यानें छापतां येऊं लागली. आज एखाद्या मराठी पुस्तकाचें पान त्या रीतीनें जुळविलें जातें, तेव्हां कनूथ यांना न येणाऱ्या भाषेच्या सेवेला त्यांचीं टिपणें उभीं राहतात. हें शक्य झालें तें एवढ्याचसाठीं, कीं त्यांनीं यंत्रास आज्ञा देतांना माणसाला समजावून सांगण्याचें काम मागाहून करण्यासाठीं ठेविलें नाहीं.