अध्यापन सराव व शालेय आंतरवासिता

माध्यमिक शाळेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या प्रशिक्षणार्थींनी अनुभवी शिक्षक व प्राध्यापक यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष वर्गात केलेल्या अध्यापनास अध्यापन सराव असे म्हणतात. भारतात हा बी.एड. अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे. अशा प्रशिक्षणार्थीस छात्राध्यापक किंवा छात्राध्यापिका म्हणतात. सुटे सराव पाठ, सलग काही दिवसांचा छात्रसेवाकाल आणि दीर्घ मुदतीची शालेय आंतरवासिता ही या सरावाची परिचित रूपे होत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीत वुडच्या खलित्याने (१८५४) भारतात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय करण्याची शिफारस केली. पुढे हंटर आयोगाने (१८८२) माध्यमिक शिक्षकांसाठी अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष अध्यापन या दोहोंची परीक्षा असावी, असे सुचविले. विषयाचे ज्ञान असले म्हणजे तो विषय शिकविता येतोच असे नाही, ही जाणीव या शिफारशीमागे होती. मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले.

पाठाच्या रचनेवर जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांचा प्रभाव दीर्घकाळ राहिला. त्यांच्या अनुयायांनी विकसित केलेली पंचपदी प्रशिक्षण महाविद्यालयांत रुळली. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन व उपयोजन ही तिची मराठीतील प्रचलित रूपे होत.

सरावाचे टप्पे

वर्गावर जाण्यापूर्वी छात्राध्यापक सूक्ष्म अध्यापनाचा सराव करतात. हे तंत्र १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाले. त्यात विद्यार्थिसंख्या, वेळ व आशय मर्यादित ठेवून एका वेळी एकाच कौशल्यावर लक्ष केंद्रित केले जाते. सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, प्रबलन, चेतक बदल व फलकलेखन ही अशी काही कौशल्ये होत. भारतीय प्रतिमानातील एक चक्र ३६ मिनिटांचे असते: अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्अध्यापन ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६. यांपैकी सर्वाधिक वेळ पुनर्नियोजनाला दिलेला आहे, ही बाब लक्षणीय आहे. चूक कळणे आणि ती सुधारून पाठ नव्याने उभा करणे या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीस अधिक वेळ लागतो.

यानंतर सुटी कौशल्ये एकत्र गुंफणारे पाठ घेतले जातात व मग संपूर्ण तासिकेचे सराव पाठ सुरू होतात. प्रत्येक पाठापूर्वी पाठ टाचण लिहावे लागते. त्यात उद्दिष्टे, आशय, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, शैक्षणिक साधने, फलकलेखन व मूल्यमापनाचे प्रश्न यांची नोंद असते. विषयाचे प्राध्यापक टाचण तपासून देतात.

निरीक्षण व मार्गदर्शन

पाठ चालू असताना निरीक्षक वर्गाच्या मागील बाजूस बसून नोंदी करतो. बहुधा सहाध्यायीही निरीक्षण करतात. निरीक्षणाचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येते. समास शिकवून झाल्यावर छात्राध्यापक ‘समजले का?’ असे विचारतो आणि वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. फळ्यापाशी उभ्या असलेल्यास पाठ यशस्वी झाला असे वाटते. मागे बसलेल्या निरीक्षकास मात्र शेवटच्या बाकांवरील कोऱ्या वह्या दिसतात. त्याऐवजी एखादा अपरिचित सामासिक शब्द देऊन त्याचा विग्रह करण्यास सांगितले असते, तर आकलनाचा खरा पडताळा आला असता. असा नेमका अभिप्राय ‘पाठ चांगला झाला’ या सर्वसाधारण शेऱ्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

आंतरवासिता

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात किमान २० आठवड्यांचा शाळानुभव विहित असून पहिल्या वर्षी ४ व दुसऱ्या वर्षी १६ आठवडे अशी त्याची विभागणी आहे. अन्य अभ्यासक्रमासाठी किमान ८० टक्के, तर आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती आवश्यक मानली आहे. तत्पूर्वी, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ च्या अहवालात शिक्षक-शिक्षणाचा कालावधी वाढविण्याची शिफारस केली होती.

या काळात छात्राध्यापक तासिका घेण्याखेरीज परिपाठ, वह्यांची तपासणी, घटक चाचणी, हजेरीपट, पालकसभा व सहशालेय उपक्रम यांत सहभागी होतो. शाळेतील मार्गदर्शक शिक्षक त्याला दैनंदिन साहाय्य करतो. सुट्या पाठानंतर छात्राध्यापक वर्ग सोडून जात असे. आंतरवासितेत आज अर्धवट समजलेला भाग उद्या त्यालाच पुन्हा शिकवावा लागतो. हा दोहोंतील मूलभूत भेद होय.

मर्यादा व समस्या

सराव पाठ हे निरीक्षकासाठी केलेले सादरीकरण ठरण्याचा धोका नेहमीच असतो. रंगीत तक्ते व ठरलेली उत्तरे यांमुळे पाठ देखणा होतो. परंतु विद्यार्थ्याच्या अनपेक्षित प्रश्नाला त्यात जागा उरत नाही. शालान्त परीक्षेचा अभ्यास मागे पडू नये म्हणून शाळा दहावीचे वर्ग देण्यास अनेकदा अनुत्सुक असतात. त्यांची ही चिंता निराधार नसते, कारण ज्या मुलांवर सराव होतो त्यांचे ते शैक्षणिक वर्ष पुन्हा येत नाही. म्हणूनच नवख्या शिक्षकाने शिकविलेल्या भागाची उजळणी करून घेणे हा देखरेखीचाच भाग ठरतो. आपल्या तासिका सांभाळून हे काम करणाऱ्या मार्गदर्शक शिक्षकास त्यासाठी स्वतंत्र वेळ मिळतोच असे नाही.

प्रशिक्षण संस्था व शाळा यांच्यातील दुराव्याकडे कोठारी आयोगाने (१९६४–६६) पूर्वीच लक्ष वेधले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकांसाठी किमान पदवी होणे अपेक्षित आहे. मात्र वर्गात निरीक्षक प्रत्यक्ष उपस्थित असणे आणि पाठानंतर चर्चेसाठी वेळ राखलेला असणे, या दोन गोष्टींवाचून कालावधीतील वाढ केवळ उपस्थितीपटावरच उरते.