टाक्यांइतकंच लेंड्यांकडे बघा

गिनीपिगच्या मूत्राशयातला खडा काढला की घरच्यांचं सगळं लक्ष टाक्यांवर खिळतं. साहजिक आहे, पण सुरुवातीच्या दिवसांत आतड्याचा धोका जखमेपेक्षा कमी नसतो. या प्राण्याचं पचन सीकममधल्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतल्या) जिवाणूंवर चालतं आणि त्यांना सतत तंतुमय चारा लागतो. दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आतडं मंदावतं, वायू धरतो आणि दुखणं वाढतं. लेंड्या बारीक, कोरड्या, मोजक्या दिसू लागल्या की आतडं मंदावलंय असं समजावं. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून वेदनाशामक मनानेच बंद करणं म्हणूनच चुकीचं. दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत असतो.

‘आजाऱ्याला कशाला छळायचं, पडू दे निवांत’ असं कुणी म्हणेल. भरवताना ताण येतो, हे खरंच. तरी डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ खाद्य सिरिंजने गालाच्या बाजूने, गिळायला वेळ देत भरवण्याचा ताण उपाशी आतड्यापेक्षा परवडला. काट्यावर रोज वजन केलं, तर घट नजरेआधी कळते. क जीवनसत्त्वही हवंच, कारण आपल्यासारखंच त्याचं शरीर ते बनवत नाही आणि त्याशिवाय जखम भरणारं कोलॅजन नीट तयार होत नाही. खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणून कॅल्शियम पार तोडावं, हा निष्कर्ष मात्र घाईचा. प्रौढ गिनीपिगला कॅल्शियम जास्त असलेला लसूणघास देणं तेवढं टाळावं. साधं वाळलं गवत आणि पाणी भरपूर द्यावं. सुरुवातीला लघवी किंचित गुलाबी दिसू शकते. कुंथूनही थेंब येत नसेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.