हात किती दिवस बंद राहतो?

माझा मामा उद्यमबागेत पॉवर प्रेसवर होता. दीड वर्षापूर्वी प्रेसमधून काढलेल्या पत्र्याच्या धारेनं त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची कंडरा तुटली. आमच्याकडं तिला सरळ ‘शीर’ म्हणतात. ऑपरेशन झालं, टाके पडले, आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की पंधरा दिवसांत मामा कामावर जाईल.

चूक इथंच झाली. कातडी दहा-बारा दिवसांत मिळून येते, ते डोळ्यांना दिसतं. आतली कंडरा मात्र तेव्हा निव्वळ दोऱ्याच्या जोरावर टिकून असते. साधारण सहा आठवडे स्प्लिंट आणि जड उचलायला बारा आठवडे, असा हिशोब असतो. मज्जातंतू कापला असेल तर आणखी लांबतं. जोडल्यावर तो दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 15-16 सेंटिमीटर म्हणजे पाच महिने. मामा पाचव्या आठवड्यात प्रेसवर उभा राहिला आणि जोडलेली कंडरा पुन्हा तुटली. दुसरं ऑपरेशन, मोजणी परत पहिल्या दिवसापासून.

तो का गेला, ते पैशाकडं बघितलं की कळतं. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. मग काम बंद असेपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात, उपचार वेगळे. मामाच्या वर्कशॉपात माणसं सातच. तिथं तेव्हा आधार होता 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचा: दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, शिवाय उपचाराचा खर्च मालकाकडून. मामाचा पगार 14,000, म्हणजे महिन्याला हक्काचे 7,000. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मालकानं पहिल्या ऑपरेशनचं बिल भरलं, वर 5,000 हातावर ठेवले, आणि मामाला तो देवमाणूस वाटला. (अजून वाटतो.)

त्याच कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे दर लावलेले होते. अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के घटली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. जागेवर असलेल्या पण न वाकणाऱ्या बोटाचा आकडा तिथं नव्हता. तो डॉक्टरांनी तपासून ठरवायचा. आणि अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो.

मामाचं बोट अजून मुठीत वळत नाही. त्याची दोन वर्षं येत्या ऑगस्टात भरतात. मामी कागद शोधतेय. दुसऱ्या ऑपरेशनची पावती पिठाच्या डब्यामागं सापडली. पहिलीची मालकाकडं आहे.