वाद, जल्प आणि साहेबांची बैठक

मंडळी, आजचा विषय उद्योगातल्या वरिष्ठांचं संवादकौशल्य. याचे जे वर्ग भरतात, तिथे बहुधा बोलायला शिकवतात. आवाज कसा लावावा, हात कुठे ठेवावेत, स्लाइड किती असाव्यात. उपयोगी आहे ते. पण माझा प्रश्न असा, की तुमच्या बैठकीत हाताखालच्या माणसाला तुम्हाला नको असलेली गोष्ट बोलता येते का?

एक उदाहरण घेऊ. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं. सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या जोडातली रबरी कडी थंडीने ताठर झाली होती, हे तांत्रिक कारण. पण आदल्या रात्री फोनवर एक बैठक झाली होती. रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकोल कंपनी एकीकडे, नासाचे अधिकारी दुसरीकडे. रॉजर बॉइसजॉली आणि त्यांचे सहकारी इंजिनिअर सांगत होते, तापमान 53 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 12 सेल्सियसच्या खाली असेल तर उडवू नका. त्याआधीच्या सर्वांत थंड उड्डाणात कडीजवळून गरम वायू निसटल्याच्या खुणा मिळाल्या होत्या. कंपनीनेही आधी हाच सल्ला दिला. नासाच्या अधिकाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली. मग कंपनीने आपसांत बोलायला पाच मिनिटं मागितली, लागला सुमारे अर्धा तास. अखेर चार वरिष्ठांनी मिळून ठरवलं, इंजिनिअरांचा कौल घेतलाच नाही, आणि सल्ला फिरला.

आता बघा, बिघडलं कुठे? गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. आपण वाद म्हणजे भांडण समजतो. तिथे वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू सिद्ध न करता समोरच्याची नुसती खोडून काढणं.

एरवी रिवाज असा, की उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं. त्या रात्री उलटं झालं. धोका आहे हे इंजिनिअरांनी सिद्ध करावं, अशी अपेक्षा धरली गेली. त्यांचा पुरावा अपुरा होता, हे खरंच. पण तेवढ्याच पुराव्यावर सुरक्षितता तरी कुठे सिद्ध होत होती? सिद्धतेचा भार असा गुपचूप सरकला, की वादाची वितंडा होते. कोणी आवाज चढवावा लागत नाही.

म्हणून वरिष्ठांनी तीन सवयी लावून घ्याव्यात. एक, कोणी काय सिद्ध करायचं आहे, हे बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. दोन, पूर्वपक्ष मांडा. आपल्या शास्त्रकारांची ही जुनी शिस्त. विरोधकाचं म्हणणं आधी तुम्ही तुमच्या शब्दांत सांगायचं, आणि 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं तो म्हणेपर्यंत खोडायला सुरुवात करायची नाही. तीन, स्वतःचं मत शेवटी द्या. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांची मतं साहेबांच्या मताभोवती गोळा होतात. हा अनुभव तुम्हा सर्वांना असेल.

कोणी म्हणेल, सर, एवढा वेळ कुठे असतो? अहो, त्या रात्री अर्धा तास होता. त्यात बॉइसजॉलींना 'तुमचं मत काय?' एवढं विचारायला किती वेळ लागला असता?